शब्दचर्चा: फ्लो बॅटरीला मराठीत काय म्हणायचं?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलोय. आमच्या मराठी शाळेतल्या पोरांना विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल करायला मदत करतोय, विषय आहे पवनचक्कीची आणि सोलरची वीज साठवायची कशी. फ्लो बॅटरीचं, म्हणजे टाक्यांतल्या द्रवात वीज साठवणाऱ्या बॅटरीचं मॉडेल केलंय, दोन प्लास्टिकच्या बरण्या, फिश टँकचे दोन बारके पंप आणि मधे एक चपटी डबी. तक्त्यावर मी मोठ्या अक्षरात 'प्रवाह बॅटरी' लिहिलं. सातवीतली एक पोरगी, घरात मराठी पण गल्लीत सगळं कन्नड, ती वाचून म्हणाली, "सर, पुराची बॅटरी म्हणजे काय ओ?" कन्नडात प्रवाह म्हणजे पूर की! 2019 च्या ऑगस्टमधे इकडच्या कन्नड पेपरात रोज तोच शब्द होता, या पोरांनी तो तसाच शिकलाय. आता काय लिहू सांगा.

निपाणीकर:
पूर सोडा, नुसत्या मराठीतसुद्धा तो शब्द अडचणीचाच आहे. विजेच्या गोष्टीत प्रवाह म्हटलं की विद्युतप्रवाहच डोळ्यासमोर येतो, आणि करंट तर सगळ्याच बॅटऱ्या देतात. 'प्रवाही बॅटरी' करा.

खानापूरकर:
ते पण मनात आलं होतं, पण प्रवाही म्हणजे पातळ, वाहू शकेल असं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पण ॲसिड पातळच असतं, मग फरक कुठं दिसला? 'वाहती बॅटरी' लिहावं तर नाक वाहतंय, गटार वाहतंय तसं कानाला लागतं, वाटतं बॅटरी लीक झाली.

शहापूरकर:
मी इन्व्हर्टर बसवायचं काम करतो म्हणून लिहितोय. गिऱ्हाईक फोन करून म्हणतं बॅटरी बसली, चार्ज धरत नाही, पाणी कमी झालंय. म्हणजे लोकांच्या मनात बॅटरी हा एक बंद डबा आहे ज्याच्यात सगळं आत आहे. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना तर बॅटरी म्हणजे टॉर्च, "बॅटरी मार की गा तिकडं" असंच बोलतात. तेव्हा आधी हे सांगा की या बॅटरीत वीज साठते ती डब्यात नाही, टाकीतल्या पाण्यासारख्या द्रवात. द्रव पंपानं डबीतून जातो, पडद्याच्या दोन बाजूंनी दोन द्रव, काम झालं की परत आपापल्या टाकीत. तो वाहून जात नाही, फिरतो. म्हणून मी म्हणेन 'फिरत्या द्रवाची बॅटरी'.

खानापूरकर:
फिरता! हा शब्द एकदम बरोबर बसला. आणि यातली सगळ्यात कामाची गोष्ट पण त्यातच येते, डबी मोठी केली की किलोवॅट वाढतात, म्हणजे एका वेळी जास्त वीज मिळते, टाकी मोठी केली की तास वाढतात, दोन्ही वेगवेगळं वाढवता येतं. साध्या बॅटरीत तसं जमत नाही, जास्त तास पाहिजेत तर पूर्ण बॅटऱ्याच वाढवाव्या लागतात. पोरांना रंगाचं फार आवडलंय. व्हॅनेडियमच्या बॅटरीत एकच धातू चार रूपात असतो, एका टाकीत जांभळा आणि हिरवा, दुसऱ्या टाकीत निळा आणि पिवळा, चार्ज होताना हिरव्याचा जांभळा आणि निळ्याचा पिवळा. आम्ही बरण्यांत खायचे रंग घातलेत. दोन्हीकडं एकच धातू असल्यानं पडद्यातून थोडं इकडचं तिकडं गेलं तरी द्रव कायमचा नासत नाही, ही युक्ती ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलस-काझाकोस यांनी 1980 च्या दशकात उभी केली. त्याआधी नासानं 1970 च्या दशकात लोखंड आणि क्रोमियमवर काम केलं होतं, तिथं दोन टाक्यांत दोन वेगळे धातू, मिसळले की पंचाईत.

निपाणीकर:
बरं मग साठा की साठवण? तक्त्याला शीर्षक 'वीजसाठा' दिसतंय.

खानापूरकर:
बदलतो. साठा म्हणजे जे साठलंय ते, धरणातला पाणीसाठा. साठवण म्हणजे साठवायचं काम आणि सोय, साठवण तलाव म्हणतो तसं. टाकीत आत्ता किती युनिट आहेत तो वीजसाठा, आणि सगळं तंत्र ती वीजसाठवण.

यळ्ळूरकर:
माझी आजी जोंधळा पेवात ठेवायची त्याची आठवण सांगायची, जमिनीतला खड्डा, वरून लिंपून बंद. कन्नड शेजारी त्यालाच हगेवु म्हणायचे. आता 'पेव' फक्त 'पेव फुटणे'पुरतं उरलंय, जीव हळहळतो. सुगीत भरायचं आणि लागेल तसं काढायचं, हीच तर गोष्ट आहे, दुपारी ऊन भरपूर आणि लाईट लागते संध्याकाळी. 'वीजपेव' कोणी लिहिलं तर मला आनंद होईल.

खानापूरकर:
सुंदर आहे, पण पोरांना आधी पेवच समजावून सांगावं लागेल. तक्त्याच्या कोपऱ्यात पेवाचं चित्र काढायला सांगतो, खाली दोन्ही नावं, पेव आणि हगेवु.

शहापूरकर:
सौंदत्तीला मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणाच्या पाण्यावर पंप्ड स्टोरेजचा प्रकल्प ठरलाय, तो पण तक्त्यात घ्या, त्या भागात पवनचक्क्या पोरांनी बघितलेल्या असतात. महाराष्ट्रात सरकारी शब्द 'उदंचन' आहे, घाटघरच्या 250 मेगावॅटच्या प्रकल्पाला तसंच लिहितात.

निपाणीकर:
उदंचन कोणाला कळणार ओ! आपल्याकडं उपसा सिंचन प्रत्येक शेतकऱ्याला कळतं. जादा वीज असताना पाणी वर उपसायचं, लागली की खाली सोडून टर्बाईन फिरवायचं. 'उपसा वीजसाठवण' म्हणा.

खानापूरकर:
हे घेतलं. उदंचन कंसात ठेवतो, पुढं परीक्षेत दिसला तर पोरं अडायला नकोत. आणि फ्लो बॅटरीचं असं ठरवलंय, वर 'फ्लो बॅटरी' तसंच आणि खाली 'फिरत्या द्रवाची बॅटरी'. त्या पोरीला आज दाखवलं. ती म्हणाली कन्नडात पण लिहूया, प्रवाह नको, 'हरिवु' लिहूया, हरिवु म्हणजे नुसतं वाहणं. तिलाच खडू दिला.