प्रतिसाद: अॅक्चुअरी आधी कारकून होता
अॅक्चुअरी म्हणजे विमा आणि पेन्शनमधल्या जोखमीची आकडेमोड करणारा तज्ज्ञ. या शब्दाची 'अॅक्च्युअल नुकसान काढणारा' ही वरच्या पोस्टमध्ये दिलेली फोड ओढूनताणून आहे. मूळ लॅटिन 'अॅक्चुअरियस', म्हणजे नोंदी ठेवणारा कारकून. 1762 मध्ये लंडनला इक्विटेबल सोसायटी ही आयुर्विमा संस्था निघाली, तेव्हा तिच्या स्थापनेत पुढे असलेले एडवर्ड रो मोर्स यांनी तिच्या मुख्य अधिकाऱ्याला हे नाव दिलं. जोखमीची आकडेमोड त्या पदाला नंतर चिकटली. मराठीत 'विमागणिती' छान बसतो.

अॅक्चुअरीचा हिशेब असा: एका वयाच्या 1000 जणांत वर्षाला 2 मृत्यू अपेक्षित, तर 1 लाखाच्या विम्याचा निव्वळ वार्षिक हप्ता 200. वर खर्च आणि राखीव भाग. गोची होते ती मृत्युतक्ता, म्हणजे कोणत्या वयात किती मृत्यू होतात याची सारणी, निवडताना. पेन्शनला विमेदारांचा मृत्युतक्ता लावला, की पेन्शनवाले त्याहून जास्त जगतात आणि निधी आटतो.