म्हापशातलं फुलांचं दुकान: नाव टाकलं तरच गुगलवर दिसतं. वेबसाइटवर काय लिहावं?

अबोली_बार्देश
दुकान म्हापसा मार्केटजवळ. हार, फाती (फुलांच्या विणलेल्या वेण्या), बुके, लग्नाची गाडी, चर्चचं डेकोरेशन, पुष्पचक्रं असं सगळं करतो. वेबसाइट चार पानांची: होम, आमच्याविषयी, गॅलरी, संपर्क. गुगल बिझनेस प्रोफाइल (गुगल नकाशावरची दुकानाची नोंद) व्हेरिफाय झालेलं आहे. दुकानाचं नाव टाकलं की वर येतं. 'म्हापशात बुके डिलिव्हरी' किंवा 'कळंगुट फ्लोरिस्ट' टाकलं की पत्ता नाही. एक एजन्सी आमच्या बार्देश तालुक्यातल्या ४० गावांची ४० पानं करून देते म्हणते. घ्यावं का? आणि मजकूर मराठीत ठेवावा की इंग्रजीत?

साइटमिस्त्री
४० पानं मुळीच घेऊ नका. गावाचं नाव बदलून तोच मजकूर पुन्हा छापला की गुगलच्या नियमांत ती 'डोअरवे' पानं ठरतात, म्हणजे स्पॅम. बहुतेक पानं इंडेक्समध्ये, म्हणजे गुगलच्या शोधयादीत, जाणारच नाहीत, आणि गेली तरी एकमेकांच्याच पायात येतील.

आधी एक फरक लक्षात घ्या. नकाशाखालचे निकाल वेगळे आणि त्याखालची वेबसाइटींची यादी वेगळी. नकाशात गुगल तीन गोष्टी बघतो: शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकानाचा नावलौकिक. कळंगुटला उभं राहून शोधणाऱ्याला कळंगुटचं दुकान आधी दिसणार. म्हापशात बसून कितीही पानं लिहिली तरी ते अंतर कमी होत नाही. खालच्या यादीत मात्र चांगलं पान जागा काढतं.

म्हणून गावागणिक नको, कामागणिक पान करा. तुमच्याकडे निदान पाच होतील: बुके डिलिव्हरी, लग्नाची गाडी व हॉल, चर्च डेकोरेशन, पुष्पचक्रं, पूजेचे हार-फाती. गॅलरीत हे सगळं एकत्र कोंबलेलं असलं की कुठल्या शोधाला कुठलं पान दाखवायचं हे गुगलला कळत नाही.

पानावर काय लिहायचं? गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं तेच. पुष्पचक्राचं पान घ्या. मरण झालेल्या घरातला माणूस घाईत असतो, गोड वाक्यं वाचायला त्याला वेळ नसतो. चक्र किती फुटांचं, आत कुठली फुलं, किंमत कितीपासून, रिबनवर नाव लिहिणं धरून की वेगळं, ऑर्डर दिल्यावर किती तासांत तयार, घरी पोचवता की चर्चमध्ये की सिमिटरीत (दफनभूमीत), रविवारी मिळतं का. एवढं खरं लिहिलं की ३००-४०० शब्द आपोआप होतात. शीर्षकात काम आणि गाव आधी, दुकानाचं नाव शेवटी: 'म्हापशात पुष्पचक्र, त्याच दिवशी पोच', मग उभी रेघ, मग नाव. 'गोव्यातील सर्वोत्तम' वगैरे कोणी शोधतही नाही आणि मानतही नाही.

भागाचं पान करायचंच तर दोन-तीन, तेही जिथं सांगण्यासारखं काही वेगळं आहे तिथं. कळंगुट-कांदोळी-बागा हे एक पान. तिथल्या ऑर्डरी हॉटेलांत जातात, म्हणून पाहुण्याचं नाव व खोली नंबर लागेल का, रिसेप्शनवर ठेवलं तर चालेल का, संध्याकाळच्या ट्रॅफिकमुळे शेवटची ऑर्डर किती वाजता, पोचवण्याचे किती. पणजी-पर्वरीचं दुसरं. बाकी गावं डिलिव्हरीच्या पानावर दरासकट एका तक्त्यात.

कोड_फोंडा
वरच्यात भर. 'चवथ (गणेश चतुर्थी) ऑफर' छापून पोस्टरचं चित्र साइटवर चढवायची सवय आधी सोडा. चित्रातली अक्षरं गुगल वाचेलच असा भरवसा नको. दर, तारीख, वेळ पानावर मजकूर म्हणूनच लिहा.

फोनमधले ४-५ एमबीचे फोटो तसेच टाकले की म्हापशाच्या बाजारात मोबाइलवर पान उघडतच नाही. रुंदी १२०० पिक्सेल, वेबपी फॉरमॅट, शक्यतो १५० केबीच्या आत. वरचा मोठा फोटो २.५ सेकंदांत दिसला पाहिजे, म्हणून त्याला लेझी लोडिंग (खाली सरकवल्यावरच फोटो उघडणं) लावू नका, खालच्यांना लावा. ऑल्ट मजकूर, म्हणजे कोडमधलं फोटोचं वर्णन, साधा: 'पांढऱ्या शेवंतीचं तीन फुटी पुष्पचक्र'. तिथं गावांची यादी कोंबू नका.

स्कीमा (दुकानाची माहिती गुगलला सांगणारा पानातला कोड) टाकताना प्रकार 'फ्लोरिस्ट' निवडा, तो मुळात आहेच. पत्ता, फोन, वेळा प्रोफाइलमध्ये आहेत तशाच. स्वतःच्या साइटवर स्वतःलाच तारे देणारा कोड कोणी विकत असेल तर घेऊ नका; २०१९ पासून गुगल ते तारे दाखवत नाही. प्रश्नोत्तरांच्या खास कोडमुळे शोधात दिसणारी प्रश्नोत्तरंही गुगलने २०२३ मध्ये सरकारी व आरोग्याच्या नावाजलेल्या साइटींपुरतीच ठेवली. प्रश्नोत्तरं लिहा, पण वाचणाऱ्यासाठी.

रानजाय
भाषेचं: बुके, हॉटेल, लग्नाची गाडी ही पानं इंग्रजीत. पूजेचे हार, चवथ, दसरा मराठीत, आणि प्रत्येक भाषेला वेगळा यूआरएल (पानाचा पत्ता). एका पानावर अर्धं हे अर्धं ते केलं की कुठल्याच भाषेत धड बसत नाही. मशीनने केलेलं भाषांतर न वाचता टाकू नका. इंग्रजीत पणजी आणि पंजिम, मडगाव आणि मार्गाव दोन्ही चालतात. शीर्षकात एक, मजकुरात सहज एकदा दुसरं, बस्स.

गोव्यात फुलांचा धंदा सणांवर आणि फेस्तांवर (चर्चच्या उत्सवांवर) चालतो, साइटवर त्याचा मागमूस नसतो. सांजांवाच्या (२४ जूनचा सेंट जॉनचा सण) कोपेलांचं, म्हणजे डोक्यावर घालायच्या फुलापानांच्या मुकुटांचं पान, चवथीचं, दसऱ्याच्या झेंडूचं, २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सिमिटरीत न्यायच्या फुलांचं, नाताळचं. यूआरएलमध्ये वर्ष घालू नका. तेच पान दरवर्षी ठेवा, तारीख, दर, बुकिंगची शेवटची वेळ बदला. सण संपला की पान काढू नका, नाहीतर मिळवलेली जागा दरवर्षी पहिल्यापासून मिळवावी लागते. निदान सहा-आठ आठवडे आधी ताजं करा. आदल्या आठवड्यात टाकलेलं पान गुगलपर्यंत पोचेस्तोवर झेंडू संपलेला असतो.

अबोली_बार्देश
एजन्सीला नको म्हणून कळवतो. प्रोफाइलवर दुकानाच्या नावापुढे 'बेस्ट फ्लोरिस्ट म्हापसा' जोडावं का? आजूबाजूला दोघातिघांनी केलंय.

साइटमिस्त्री
नको. पाटीवर आहे तेच नाव. जास्तीचे शब्द नियमाविरुद्ध आहेत, कोणी कळवलं तर नाव बदललं जातं किंवा प्रोफाइलच बंद पडतं, तेही नेमकं चवथीच्या तोंडावर. मुख्य कॅटेगरी 'फ्लोरिस्ट' आहे ना बघा, सणांच्या दिवसांच्या वेळा वेगळ्या भरा.

नंतर सर्च कन्सोलमध्ये (साइट कुठल्या शोधांत दिसते ते सांगणारं गुगलचं साधन) महिन्यातून एकदा परफॉर्मन्स अहवाल उघडा. सरासरी स्थान ८ ते २० मध्ये असलेले शोध निवडा; ती पानं दाराशी येऊन थांबलेली असतात. त्या शोधाचं उत्तर पानावर वरच्या भागात आहे का ते पाहा, नसेल तर लिहा, आणि होम पेजवरून त्या पानाला साध्या शब्दांत लिंक द्या. 'इथे क्लिक करा' नको, 'म्हापशात पुष्पचक्र' असं.