अनुभव: घाटात गाडी थांबली ती जागा

कपाशीवाला
काल लेकीनं ऑस्ट्रेलियातून फोन केला. ग्रेट ओशन रोडवर गाडी कडेला लावून समुद्र दाखवत होती. म्हणे बाबा, सुमारे २४० किलोमीटरचा हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये कुदळ-फावड्यानं खणला, मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून. ती बोलत होती अन् माझ्या डोळ्यापुढे आमचा चिखलदऱ्याचा घाट.

मी सातवीत होतो. कपाशीचा चुकारा हाती आला होता, बाबांनी काकांची जीप मागून आणली. परतवाडा सोडलं, धामणगाव गढीच्या पुढे चढ लागला अन् जीप तापली. बाबांनी बोनट उघडून ठेवलं. आई म्हणाली, थांबलोच आहे तर इथंच रोडगे लावू. गोवऱ्या घरूनच आणल्या होत्या. रोडगे होईपर्यंत खालच्या दरीत ढग भरले. बाबा दगडावर बसून बघत राहिले. जन्मभर पाऊस येते का म्हणून मान वर करून ढग पाहणारा माणूस, त्या दिवशी पहिल्यांदा खाली पाहत होता. वर जाऊन कोणते पॉइंट पाहिले ते मला आठवत नाही. बाबा जाऊन आता बारा वर्षं झाली.

तुमची गाडी कुठं थांबली होती? लिहा.

मृगाचा_पाऊस
वाटेतल्या मोथा गावाले खवा घेतला का नाही? गवळ्याच्या घरून घ्याचा, गरम.

वाशीमकर_दादा
२००४ ते २०११ ट्रकवर होतो. मनालीहून लेहला माल. गाटा लूप्स म्हणून २१ वळणं आहेत, तिथं एका जागी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसते. सांगतात की बर्फात ट्रक अडकला, ड्रायव्हर मदत आणाले गेला अन् क्लीनर पोरगा तिथंच पाणी पाणी करत गेला. खरं-खोटं देव जाणे. पण मी एकही फेरी बाटली ठेवल्याशिवाय पुढं गेलो नाही. मीही आधी क्लीनरच होतो. आता ९ किलोमीटरचा अटल बोगदा झाला (ऑक्टोबर २०२०), रोहतांगची चढण वाचते. आमच्या काळी त्या चढणीवर दोन दोन रात्री काढल्या.

झाडीपट्टीची_लेक
दादा, अंगावर काटा आला.

पुसदची_सून
भाजी फोडणीला टाकून लिहितेय. न्यूझीलंडला नणंदेकडे गेलो होतो, मिलफर्ड साउंडच्या रस्त्यानं. गाडी तिथंही डावीकडूनच चालवतात, म्हणून ह्यांनीच चालवली. होमर बोगद्यापाशी सिग्नलला थांबलो तर टपावर टपटप. केआ! हिरवे डोंगरी पोपट, मोठ्ठे, दाराचं रबर चोचीनं ओढून काढत होते. सासूबाई खिडकीतून "हाड हाड" करायला लागल्या, आपण शाळूवरून पाखरं हाकतो तसं. पोपट ढिम्म. मुलं अजूनही तेवढंच सांगतात, डोंगर नाही सांगत. भाजी लागली बहुतेक, येते.

मृगाचा_पाऊस
मोठ्या बाई भेटल्या पाहिजेत एकदा!

तेल्हाऱ्याचा_भाऊ
समृद्धीवर असं मनात आलं तिथं थांबता येत नाही हो. ७०१ किलोमीटर सरळ, कार १२० नं. एकसारखा रस्ता पाहून डोळा लागते. माझ्या साळ्याची गाडी अशीच कठड्याले घासली, नशीब की सारे वाचले. हात जोडून सांगतो, निघायच्या आधी टायर पाहा, हवा पाहा, झोप येत असन तर उतरून जा. घाटात कसं, वळण माणसाले जागं ठेवते.

झाडीपट्टीची_लेक
थांबण्यावरून आठवलं. नागपूरहून शिवनीला जाताना देवलापारच्या पुढे पेंचच्या जंगलात रस्ता उचलून खांबांवर घेतला आहे, खालून वाघ, चितळ, रानकुत्री जातात. तिथं गाडी थांबवू नका. मीही थांबवली नाही, फक्त काच खाली केली. साग फुलला होता.

गव्हाची_ओंबी
@कपाशीवाला बाबांचं वाचून रडू आलं. माझ्या वडिलांनी लोणार सोडून काही पाहिलं नाही, तेही एसटीनं. गोमुखाच्या धारेखाली डोकं धरून उभे होते, निघायलाच तयार नव्हते.

रोडग्याची कणीक जाडी दळता का? माझे आतून कच्चे राहतात.

कपाशीवाला
जाडीच, रव्यासारखी. मोहन चांगलं घाला, घड्या घाला. आधी उकडून घेत असाल तर नका घेऊ. इंगळ जाळाचे नको, राख धरलेले पाहिजेत, अन् वरूनही गोवरी झाका. तासभर हात लावू नका.
@मृगाचा_पाऊस, खवा घेतला होता. आईनं पदरात बांधून आणला, आजीसाठी.

गव्हाची_ओंबी
म्हणजे मी जाळावरच टाकत होते इतकी वर्षं.

तेल्हाऱ्याचा_भाऊ
रविवारी आम्ही चाललो चिखलदऱ्याले, म्हातारीले घेऊन. कपाशीवाले भाऊ, तो दगड गढीपासून किती पुढं हाय? डाव्या हाताले का उजव्या?

कपाशीवाला
डाव्या. तिसऱ्या वळणानंतर, मोठं मोहाचं झाड होतं तिथं. असलं तर फोटो टाका.