लेन्स कपाटात ठेवायला घेता का?

टेकडीवाला: पुण्यातल्या बर्ड फोटोग्राफीवाल्यांशी बोलायला जावं तर कवडीपाटला नदीवर चक्रवाक बदकं आलीत का हे विचारणारा एखादाच, बाकी सगळे ही लेन्स घेऊ का ती घेऊ. मला खरंच खटकतं हे. आधी 150-600 मिमीची झूम घ्यायची, मग ती जड पडते म्हणून 100-400, मग म्हणे झूम नसलेली प्राइमच पाहिजे, आणि सोलापूर रोडने कवडीपाटला जायला रविवारी पहाटे उठवत नाही. थंडीत सूर्य वर आल्यावर थोडाच वेळ तिथे तो मऊ उजेड असतो, नदीवर धुकं, शराटी पक्षी चिखलात चोच खुपसून चरत असतात, हे सोडून घरात रिव्ह्यू काय बघायचे? जी लेन्स वर्षभर बॅगेतून निघत नाही ती विकून टाका.

पेठकर: का म्हणून? पैसे त्यांचे, कष्ट त्यांचे. हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत माणूस पिळून निघतो, रात्री जुनी मॅन्युअल लेन्स हातात घेऊन फोकस रिंग फिरवत बसलं की बरं वाटतं, हाही छंदच आहे. राजा केळकर म्युझियमवाल्या दिनकर केळकरांनी 20,000 च्या वर जुन्या वस्तू जमवल्या, त्यातले दिवे काय रोज लावले का? आपणच पाहुण्यांना कौतुकाने दाखवायला नेतो ना?

टेकडीवाला: केळकरांचं उदाहरण उलट माझ्या बाजूचं आहे. ते वस्तूंसाठी गावोगाव हिंडले, लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने म्युझियम उभं केलं आणि 1975 ला सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. तुमचं कपाट कोण बघतं?

ओलसर_हवा: जमवा हो, पण सांभाळा तरी. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात, त्यातून चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवली की बुरशी आलीच म्हणून समजा. टॉर्च मारून बघा, काचेच्या आत पांढरे बारीक तंतू दिसतात, जास्त दिवस राहिले तर काचेवरचं कोटिंग खातात आणि मग साफ करूनही डाग जात नाही. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, 40 ते 50 टक्के आर्द्रतेवर ठेवा, नाहीतर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, तेही मधूनमधून तापवून कोरडं करायचं. एवढं होत नसेल तर टेकडीवाले म्हणतात ते बरोबर.

सिंहगड_व्हॅली: मी स्टुडंट आहे आणि मला पेठकर काकांची बाजू पटते. असे लोक नवीन मॉडेल आलं की जुनं काढतात म्हणून तर आम्हाला जवळपास कोरी लेन्स परवडते. त्यांनी घेणंच बंद केलं तर आम्ही काय करायचं, नवीन थोडीच झेपणारे? फक्त काढा लवकर, बुरशी लागल्यावर नको.

पेठकर: विकणार मात्र नाही मी. वापरायला देईन, रविवारी घेऊन जा, संध्याकाळी पुसून परत आण.

टेकडीवाला: काका, मग तुम्हीपण चला की या स्टुडंटबरोबर.