सूचनापेटी रिकामीच राहते, काय करावं?

प्रश्न: २५ जणांची टीम आहे. पेटीत चिठ्ठी येत नाही, बैठकीत सगळे गप्प. त्यांचं म्हणणं कळणार कसं?

उत्तर १: आधीच्या सूचनांचं काय झालं, ते सांगितलंत का? प्रत्येक सूचनेला ७ दिवसांत फलकावर उत्तर लिहा: 'करतोय', 'अमुक तारखेला ठरवू' किंवा 'जमणार नाही, कारण हे'. उत्तरच मिळत नाही म्हणून लोक लिहिणं सोडतात.

उत्तर २: शिवाय महिन्यातून एकदा प्रत्येकाशी ३० मिनिटं स्वतंत्र बोला. 'काही अडचण?' विचारलं की 'नाही' येतं. 'या आठवड्यात काम कुठे अडलं?' असं विचारा. २५ जण एकट्याला झेपणार नाहीत. पर्यवेक्षकांत वाटून घ्या.

उत्तर ३: निनावी सर्वेक्षण घेतलंत तर ५ हून कमी जणांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवू नका. कोण बोललं ते लगेच ओळखू येतं, मग पुढच्या वेळी कोणी खरं लिहीत नाही.