मदत हवी आहे: एमएसचा थकवा की नैराश्य, ओळखायचं कसं? (सोलापूर)

सातरस्ता (प्रश्नकर्ता, 12 मे 2021)
रुग्ण धाकटी बहीण, वय 34. रिलॅप्सिंग-रेमिटिंग एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण झिजवणारा आजार; मधूनच उसळतो, म्हणजे रिलॅप्स, आणि ओसरतो), सहा वर्षं. बीटा इंटरफेरॉन (एमएस आटोक्यात ठेवणारं इंजेक्शन) आठवड्यातून तीनदा, बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी गोळी) 10 मिग्रॅ दिवसातून तीनदा. फिजिओथेरपी बंद, पुण्याचा एमआरआय पुढे ढकललाय. तीन आठवडे नुसती पडून असते, बोलत नाही, जेवण निम्म्यावर आलंय. मधूनच रडते. ताप नाही, ऑक्सिजन 98, उजवा पाय पूर्वीइतकाच ओढतो. रिलॅप्स, थकवा की नैराश्य? कोविडची लसही नको म्हणते.

मज्जातंतू
रिलॅप्स वाटत नाही. त्यासाठी नवं लक्षण यावं लागतं किंवा जुनं ठळकपणे बळावावं लागतं, ते 24 तासांहून जास्त टिकावं लागतं, आणि ताप किंवा संसर्ग नसावा लागतो. लघवीची तपासणी मात्र करून घ्या. एमएसमध्ये मूत्रमार्गाच्या संसर्गाने तापाशिवायही माणूस गळून जातो.

आता ऊन. अंगाचं तापमान अर्धा अंश चढलं तरी मायलिन (नसेवरचं आवरण) गेलेल्या नसेतून संदेश अडखळतात. दुपारी आपला सोलापुरी टॉवेल माठाच्या पाण्यात भिजवा, पिळा, मानेभोवती आणि मनगटांवर 20 मिनिटं ठेवा. बर्फ नको, संवेदना कमी असेल तर त्वचा भाजल्याचं कळतही नाही. खोली बंद करून कूलर लावत असाल तर खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर हवा दमट होते आणि घाम वाळतच नाही. हे अगदी सर्रास होतं.

अंग निवल्यावर ती उठली, बोलली, तर वाटा उन्हाचा आणि थकव्याचा. अंग निवूनही कशातच मन नसेल, सकाळी उठल्यापासूनच तसं असेल, तर नैराश्याकडे बघा. आवडीचं काहीतरी आयतं पुढ्यात आणून द्या, तिला हातही हलवावा लागू नये असं. थकलेल्या माणसाला तेही बरं वाटतं.

पीएचक्यू-9 (नैराश्य मोजायचा प्रश्नसंच) भरून घ्या, मराठीत मिळतो. नऊ प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3. एकूण 10 किंवा जास्त आले तर डॉक्टर. गोम अशी की झोप, थकवा, भूक, एकाग्रता, मंदावलेली हालचाल हे गुण एमएसमुळेही चढतात. म्हणून 1 (कशात रस नसणं), 2 (उदास वाटणं), 6 (स्वतःबद्दल वाईट वाटणं) आणि 9 (मरणाचे विचार) वेगळे बघा. रडताना मनात काय होतं तेही विचारा. 'काहीच नाही, आपोआप आलं' असं म्हणाली तर तो मेंदूच्या इजेमुळे होणारा वेगळा प्रकार असू शकतो, औषधही वेगळं.

कडकभाकरी
'लॉकडाऊनमुळे सगळेच उदास आहेत' म्हणून सोडून देऊ नका. एमएसमध्ये नैराश्य मेंदूतल्या इजेमुळेही येतं आणि ते बरं होतं. इंटरफेरॉनच्या माहितीपत्रकात नैराश्याचा इशारा आहे, त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टना कळवाच. पण इंजेक्शन परस्पर बंद नको. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी12, हिमोग्लोबिन एकाच रक्तात करा, इंटरफेरॉनने थायरॉइडही बिघडू शकतं.

मानसोपचाराची गोळी सुरू झाली तर फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडणारे खूप. झोपेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिली तर लघवी तुंबते का, बद्धकोष्ठता वाढते का, यावर नजर ठेवा. फोनवरून समुपदेशन म्हणजे दुधाची तहान ताकावर असं समजू नका. एमएसच्या रुग्णांवर फोनवरच्या सीबीटीच्या (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारं समुपदेशन) चाचण्या कोविडच्या कितीतरी आधी झाल्यात.

व्यायाम सकाळी सातच्या आत, दहा मिनिटं, दम लागायच्या आधी थांबायचं. नळाला पाणी येईल त्या दिवशी भरण्याचं काम दुसऱ्याने करायचं.

सातरस्ता
एकूण 16. पहिला, दुसरा, सहावा तिन्ही 3. नवव्याला 1. 'मी नसले तर तुमची सुटका' म्हणाली.

मज्जातंतू
मग दादा, आजच. उद्यावर नको. 'मरावंसं वाटतं का, कसं ते ठरवलंय का' असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. 'हो, ठरवलंय' म्हणाली तर थेट सिव्हिलची कॅज्युअल्टी. नसेल तरी आजच मानसोपचारतज्ज्ञांशी व्हिडिओवर बोला, मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनी ते चालतं. रात्री-अपरात्री किरण (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, तेव्हा 1800-599-0019; आता शेवटी दिलेला 14416 लावा). एकटं ठेवू नका.

बॅक्लोफेनचा पेच आहे. अचानक बंद पडलं तर भास, झटके येतात, म्हणून संचारबंदीत 15 दिवसांचा साठा हवाच. पण जास्त गोळ्या एकदम घेतल्या तर श्वास मंदावतो. साठा तुमच्याकडे कुलपात ठेवा आणि तिच्या हातात एका वेळची एकच गोळी द्या. पॅरासिटामॉलची पाकिटंही तशीच.

कडकभाकरी
लशीचं: कोविशील्ड, कोव्हॅक्सिन दोन्हींत जिवंत कोरोना विषाणू नाही. इंटरफेरॉनवर असताना लस काम करते, इंजेक्शन थांबवायची गरज नाही. रिटुक्सिमॅबवाल्यांना (एमएसचं दुसरं एक औषध) मात्र डोसची वेळ जुळवावी लागते. लशीचा ताप आला तर एक-दोन दिवस पाय जास्त ओढेल, हे तिला आधीच सांगून ठेवा. न सांगता घडलं तर ती दुसरा डोस घेणार नाही.

संपादक, भर (नोव्हेंबर 2022)
हेल्पलाइनसाठी आता टेली-मानस 14416 लावा. 24 तास, मोफत, मराठीतही.