दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही
वर एका ताईंनी विचारलंय : घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, म्हणून तीन वर्षांचा मुलगा बोलत नसेल का? एक भाषा बंद करू का? ताई, बंद करू नका. खरा भाषादोष दोन्ही भाषांत दिसतो. नुसती कन्नड अडत असेल तर ती अजून शिकायची आहे, एवढंच.

आधी कान तपासा. टाळीला वळून बघतो म्हणून ऐकू येतं असं धरू नका. उंच पट्टीचं ऐकू न येणारं मूलही टाळीला वळतं, आणि ‘स’, ‘श’ मात्र त्याच्या कानांवरून निसटतात. श्रवणतज्ज्ञाकडून ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते मोजणारी तपासणी), गरज पडली तर बेरा (आवाजाला मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा प्रतिसाद मोजणारी तपासणी) करून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही दाखवा.

वाचा-भाषा उपचाराच्या शाखेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी : ‘साखर’ला ‘ताखर’ म्हणणं हा उच्चाराचा प्रश्न, तीन वर्षांचं होऊनही ‘पाणी दे’ एवढं जुळवता न येणं हा भाषेचा. आणि निपाणी-खानापूरकडची मुलगी ‘मी जातो’ म्हणाली तर तो दोष नव्हे, तिकडची बोली आहे; तिची आईही तसंच बोलते. पुस्तकी मराठीवर बेतलेल्या चाचणीत तिचे गुण कापू नका.